मेलेल्या रोपांची मोळी

३ फेब्रुवारी, सोमवार.

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मी टेकडीच्या पायथ्याशी पत्र्याच्या शेडसमोर उभा राहून, किल्ली खिशात आहे ना हे तिसऱ्यांदा चाचपत होतो, तेवढ्यात मॅडमची गाडी आली. कामाचा पहिला दिवस, म्हणून वेळ लिहून ठेवली.

मॅडम जंगलाच्या संशोधन केंद्रातल्या. त्यांनी मला एक जाड रजिस्टर आणि मातीत खुपसायचा थर्मामीटर दिला. टेकडीवर चारशे रोपं आहेत, दीड वर्षापूर्वी लावलेली. प्रत्येकाशेजारी खुंटी आणि खुंटीला पत्र्याचा बिल्ला. पहिली शंभर काटेरी झुडपांच्या सावलीत आहेत, त्यांना पाणी द्यायचं. दुसरी शंभरही झुडपांखालीच, पण त्यांना पाणी नाही. तिसरी शंभर उघड्यावर, पाण्यासह. चौथी शंभर उघड्यावर आणि कोरडी.

"प्रश्न एवढाच आहे," मॅडम म्हणाल्या, "झुडूप रोपाचं पाणी पळवतं, की रोपाला सांभाळतं?"

"मग उत्तर काय?"

"ते तुम्ही मला मे महिन्यात सांगायचं."

मला वाटलं त्या चेष्टा करतायत, म्हणून मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

वीस मे रोजी मोठे साहेब येणार. पहिल्या शंभरातली साठ रोपं जिवंत असली तर टेकडीवरची झुडपं राहणार आणि पुढची सगळी लावणी त्यांच्या सावलीत होणार. नसली तर जुनी पद्धत: खोदायच्या मशीनने टेकडी साफ करायची आणि सरळ रांगांत खड्डे. आता ते मशीन आहे आमच्या दाजींचं. मी ताईकडे राहतो, म्हणजे दाजींच्याच घरात. हे लपवून कामाला लागणं बरं दिसेना, म्हणून मॅडमना लगेच सांगून टाकलं.

त्या म्हणाल्या, "दाजींना रोपं मोजायला लावू नका म्हणजे झालं."

जाताना म्हणाल्या, "रजिस्टरमध्ये जे दिसतं तेच लिहायचं. जे वाटतं ते नाही." मला तर दिवसभर काही ना काही वाटतच असतं. म्हणून ताईकडून ही वही मागून घेतली.

आजची मोजणी, जिवंत: पहिल्या शंभरात ९४, दुसऱ्यात ८८, तिसऱ्यात ७१, चौथ्यात ४०. दोनदा मोजली.

४ फेब्रुवारी, मंगळवार.

पाण्याची पहिली पाळी. दर आठ दिवसांनी प्रत्येकी दोन लिटर. टँकरवाले काका पायथ्याच्या टाकीत पाणी सोडतात, तिथून दहा-दहा लिटरचे दोन कॅन घेऊन मी वर जातो. मापासाठी दोन लिटरचा डबा आणला आहे. त्याला आतून खिळ्याने रेघ मारली, कारण काठोकाठ भरला की चालताना सांडतो आणि मग ते दोन लिटर राहत नाही.

काका टाकीवर बसून बघत होते. म्हणाले, "औषध पाजतोस की पाणी?"

हात सोलले आहेत. एकशे पासष्ट रोपं, तीनशे तीस लिटर.

टाकीच्या नळाचा वायसर गेला आहे, थेंब थेंब गळतं. नळ कितीही आवळला तरी थांबत नाही. कामाच्या यादीत लिहिलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

आज थर्मामीटर दुपारी दोन वाजता वापरून पाहिला. उघड्या जमिनीत बोटभर खाली: सत्तावन्न अंश. मला वाटलं बिघडला, म्हणून झटकून परत लावला. सत्तावन्नच. मग दहा पावलांवरच्या झुडपाखाली आडवा होऊन हात आत घातला: अडतीस. एकाच टेकडीवर, एकाच मिनिटाला! कोपरापासून मनगटापर्यंत ओरखडे आले, तरी आणखी सहा झुडपांखाली लावून पाहिला. सगळीकडे अडतीस ते एक्केचाळीस.

घरी सांगितलं. दाजी म्हणाले, "सावलीत गार असतं, हा शोध लावायला तुला पगार देतात?"

ताई म्हणाली, "अहो, तुम्ही बावीस वर्षं उन्हात बसता, तुम्हाला लागला का शोध?"

दाजी झुडपांना टेकडीची खरूज म्हणतात. मनात काही नसतं त्यांच्या. पण टेकडी साफ करायचं काम मिळालं तर मशीन चार महिने घराजवळ राहील, हेही खरं आहे. सध्या ते कामासाठी इतक्या लांब जातात की आठवड्यातून दोनदाच घरी येतात. त्यांच्या रिकाम्या ग्रीसच्या डब्यावर पाट ठेवून मी हे लिहितो आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार.

दोन लिटर पाणी जातं कुठे, हा प्रश्न डोक्यातून जाईना. आज पाळीच्या आधी सळईने खणून पाहिलं. आठ दिवसांपूर्वी पाणी दिलेल्या उघड्यावरच्या जागी माती पिठासारखी कोरडी. झुडपाखाली पालापाचोळ्याचा थर बाजूला केला तर खालची माती बोटांना चिकटली. आठ दिवसांनी! एक गोम निघाली आणि मी ओरडलो. कोणी ऐकलं नाही.

मग वाटलं, आपण खणल्यामुळे ओल उडाली तर? पाचोळा होता तसा परत पसरला. गोम मात्र परत आली नाही.

८ मार्च, शनिवार.

पानं गळू लागली आहेत. चारही शंभरांत. पहिल्या शंभरातल्या अकरा रोपांना एकही पान नाही. पाणी बरोबर दिलं आहे, डब्याची रेघ पुन्हा तपासली. माझ्या हातून काही चुकतंय का?

१५ मार्च, शनिवार.

मॅडम आल्या. पान नाही म्हणजे रोप मेलं असं नसतं, असं म्हणाल्या. नखाने साल जरा खरवडायची. आत हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी दिसलं तर मेलेलं. अकराही रोपं हिरवी निघाली. मला इतका आनंद झाला की मी त्यांना चहाला घरी बोलावून बसलो आणि मग ताईला फोन करून सांगायची धांदल. त्यांना वेळ नव्हता, हे बरंच झालं.

त्या गेल्यावर मी एक नियम ठरवला. कुणाचं कुठेही खरवडलं तर नोंदी सारख्या होणार नाहीत. म्हणून प्रत्येक रोप जमिनीपासून एक वीत वरच खरवडायचं. सगळ्यांना एकच न्याय.

एप्रिलमध्ये मॅडम दुसऱ्या केंद्रावर असणार आहेत. रजिस्टरची पानं काकांबरोबर पाठवायची.

२४ मार्च, सोमवार.

आज खरवडल्यावर पहिल्या शंभरातली सात रोपं तपकिरी निघाली. रजिस्टरमध्ये 'मृत' लिहिलं. तरी पाळी होती म्हणून त्यांनाही पाणी घातलं.

काका म्हणाले, "मेलेल्याला कशाला पाजतोस? पाणी फुकट येतं होय?"

त्यांचं खरं होतं. शिवाय मेलेल्या काड्या बिल्ल्याशेजारी तशाच उभ्या राहिल्या तर पुढच्या मोजणीत घोळ होणार. मी संध्याकाळपर्यंत विचार केला आणि 'मृत' लिहिलेलं प्रत्येक रोप काढून टाकायचं ठरवलं. नुसतं फेकायचं नाही: काडीला नंबराची चिठ्ठी बांधायची, दहा-दहाची मोळी करायची आणि टाकीमागे रचून ठेवायची. मॅडमना कधी हिशेब हवा झाला तर असावा.

पहिल्या शंभरातली सातही अलगद मुळासकट निघाली. दुसऱ्या शंभरातली मात्र कोरड्या जमिनीत अशी आवळून बसली आहेत की ओढली की मानेशीच, जमिनीलगत, कटकन मोडतात. मोडलं तर मोडलं, मेलेलंच आहे.

९ एप्रिल, बुधवार.

पाळी. मृत वाढताहेत. दोन मोळ्या झाल्या होत्या, आता आठ. पहिल्या शंभरात ७१ उरली. रोज रात्री अंथरुणात पडलो की साठ हा आकडा डोळ्यांपुढे येतो.

दाजींनी विचारलं, "किती राहिली रे, कारकून?"

"एकाहत्तर."

"अजून सव्वा महिना आहे," ते म्हणाले. आनंदाने म्हणाले की काळजीने, ते कळलं नाही. त्यांचा आवाज मशीनवर बसून बसून एकाच पट्टीत राहिला आहे.

१८ एप्रिल, शुक्रवार.

रजिस्टरची पानं नक्कल करून काकांकडे दिली. पाठवण्याआधी शुद्धलेखन तपासलं. 'निष्पर्ण' बरोबर होतं. माझी शाळा नववीत सुटली, पण वाचणाऱ्याला ते माझ्या अक्षरावरून कळू नये असं मला वाटतं. रोपं उपटतो, हे पानांत लिहिलेलं नाही. रजिस्टरमध्ये त्यासाठी रकाना नाही.

३ मे, शनिवार.

पहिल्या शंभरात एक्कावन्न. दुसऱ्यात छत्तीस. तिसऱ्यात बावीस. चौथ्यात तीन.

साठची अट हुकली. आता वाढायचा प्रश्नच नाही, मेलेलं काही परत येत नाही.

टाकीमागे एकशे एक्क्याऐंशी काड्या, एकोणीस मोळ्या. शेवटच्या मोळीत एकच काडी आहे, तिला मोळी म्हणावं का असा विचार करत बसलो होतो. दाजी अंगणात मशीनला ग्रीस देत होते. वीस तारखेला मशीन टेकडीपाशी उभं ठेवा, असा त्यांना निरोप आला आहे. त्यांनी मला पाहून फडकं बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "चहा घेतोस का?" दाजी मला चहाचं कधी विचारत नाहीत.

८ मे, गुरुवार.

आज एक विचित्र गोष्ट दिसली. जशी दिसली तशी लिहितो.

बिल्ला क्रमांक १४२. दुसरं शंभर, झुडपाखाली, पाणी नाही. ३१ मार्चला 'मृत', ओढताना मानेशी मोडलं. त्या खुंटीपाशी आज जमिनीतून तांबूस कोंब आला आहे, करंगळीच्या पेराएवढा. गवत असेल म्हणून जमिनीला नाक लावून हुंगला. गवत नाही. पानं त्याच झाडाची.

उन्हाळ्यात! पाण्याशिवाय!

१० मे, शनिवार.

दोन दिवस पोटावर सरपटून सगळ्या रिकाम्या खुंट्या पाहिल्या. शर्ट फाटला. दुसऱ्या शंभरात एकोणीस ठिकाणी कोंब. पहिल्यात फक्त तीन ठिकाणी. उघड्यावर कुठेच नाही.

म्हणजे झुडपाखाली पाणी दिलेली: ५१ आणि ३, चोपन्न. पाणी न दिलेली: ३६ आणि १९, पंचावन्न.

कोरडी रोपं पुढे कशी गेली? मी दिलेल्या पाण्यानेच रोपं कुजली का? दोन लिटर जास्त झालं का? पण मग पाणी दिलेली एक्कावन्न अजून उभी कशी? भीती वाटते आणि तरी कधी एकदा सकाळ होते आणि वर जातो असं झालं आहे.

१२ मे, सोमवार.

कळलं.

सकाळी टाकीमागे गेलो, मोळ्या तपासायला. वाटलं, काड्यांवर कीड वगैरे दिसेल. सगळ्यात खालची मोळी गळक्या नळाखाली येते. तिच्यावर दीड महिना थेंब पडताहेत. ती उचलली तर तिच्यातल्या त्रेसष्ट नंबरच्या काडीला मानेपाशी दोन तांबूस कोंब.

त्रेसष्ट. पहिलं शंभर. २४ मार्चला मी मेलेलं म्हणून लिहिलेलं.

खाली बसलो. मग एकेक मोळी सोडली. पहिल्या शंभरातल्या त्रेचाळीस काड्यांपैकी एकोणचाळिसांना पूर्ण मूळ, काडीच्या दुप्पट लांब. फक्त चार मानेशी मोडलेल्या. दुसऱ्या शंभरात उलटं: बावन्नपैकी पंचेचाळीस मोडलेल्या, मूळ जमिनीतच.

वरची काडी वाळत होती, खालचं मूळ जिवंत होतं. वीतभर उंचीवर खरवडून मला ते कसं दिसणार? कोरड्या जमिनीने आपली मुळं धरून ठेवली, ती आता उगवताहेत. आणि मी पाणी घालून जिथली माती मऊ केली होती, तिथली मुळं माझ्या हाताला अलगद आली. पाण्याने काही कुजलं नाही. मी उपटली.

त्रेसष्ट नंबर लगेच त्याच्या जागी लावला. पाणी घातलं. डबा हातातून सुटला, किती गेलं ते मोजलं नाही.

संध्याकाळी दाजी घरी होते. दुसऱ्या एका काडीचं मूळ त्यांच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी मूळ हातात घेऊन वाकवून पाहिलं.

"हे होय? असली मुळं रोज बकेटला अडकतात. वर बघावं तर काही नाही, नुसती झुडपं, आणि खाली मनगटाएवढा बुंधा. शिव्या घालत तोडावा लागतो."

"जिवंत असतात?"

"मी काय नाडी बघतो?"

ताई म्हणाली, "आता काय करणार तू?"

"मॅडमना सांगणार."

दाजींनी मूळ खाली ठेवलं. "नीट ऐक. सांगितलंस तर तुझं काम जाईल. गप्प बसलास तर चोपन्न म्हणजे नापास, आणि माझं काम येईल. म्हणजे गप्प बसलास तर घरात एक तरी काम राहतं."

"मग गप्प बसू?"

"मला विचारू नकोस. माझा यात फायदा आहे. ज्याचा फायदा आहे त्याला कधी विचारू नये." आणि ते हात धुवायला गेले ते बराच वेळ नळापाशीच उभे होते.

१३ मे, मंगळवार.

काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून काढलं, चार वेळा. मग अकरा वाजता मॅडमना फोन केला आणि कागद न बघताच सगळं बोलून टाकलं. 'मी उपटली' हे तीनदा म्हणालो.

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला. मग मॅडमनी विचारलं,

"कोंब किती दिवसांत आले? तारखा आहेत?"

"आहेत."

"मोडलेली कुठली आणि मुळासकट आलेली कुठली, तेही वेगळं आहे?"

"चिठ्ठ्या बांधल्यात. नंबर, तारीख."

"प्रत्येक काडीला?"

"हो. एकशे एक्क्याऐंशी."

मग म्हणाल्या, "एकही काडी फेकू नका. आणि यापुढे काहीही उपटू नका. चहाचं पातेलंसुद्धा उचलताना मला विचारा." आणि फोन ठेवला.

फार रागावल्या असणार. माझं काम किती दिवसांचं राहिलं आहे ते कळत नाही. तरी तारखांची यादी करून ठेवली.

१६ मे, शुक्रवार.

त्रेसष्टचे कोंब वाळले. मी 'मृत' लिहिलं नाही. रजिस्टरमध्ये हाताने नवा रकाना आखला: 'दिसत नाही'. त्यात लिहिलं.

१९ मे, सोमवार.

पाण्याची पाळी पूर्ण केली. बहुतेक शेवटची. म्हणून प्रत्येक रोपापाशी जरा जास्त थांबलो. पाणी तेवढंच घातलं.

घरी आलो तर ताई दाजींच्या पँटमधले काटे काढत बसली होती. वाटीभर निघाले. मशीनवर बसणाऱ्या माणसाला गुडघ्याच्या वरपर्यंत काटे कसे लागतात कुणास ठाऊक. विचारलं तर दाजी म्हणाले, "उद्या मशीन कुठून वर चढवायचं ते बघायला गेलो होतो." रस्ता तर खालूनही दिसतो.

२० मे, मंगळवार.

सकाळी नऊ वाजता मोठे साहेब आले. मॅडम त्यांच्याआधी अर्धा तास. मॅडमनी मला म्हटलं, "तुम्हीच सांगा." मी कागद वाचून दाखवला.

साहेबांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही मेलेली काढली की जिवंत उपटली?"

"माहीत नाही, साहेब."

"माहीत नाही?"

"तेव्हा मेलेली दिसत होती. आता विचारायला मूळच जागेवर नाही."

मॅडमनी कोंबांच्या तारखा दाखवल्या. म्हणाल्या, झुडपाखाली एकोणपन्नास मुळं जमिनीत राहिली, त्यातली बावीस परत आली. उघड्यावर त्रेचाळीस राहिली, एकही नाही. चुकून का होईना, पण मोठी गोष्ट कळली आहे.

साहेब शांतपणे म्हणाले, "पटतंय. पण अट साठची होती. चोपन्न झाली, आणि प्रयोग बिघडला हे तुम्हीच लिहून देताय. वर मी काय सांगू? काडीचं मूळ दाखवू?" मग दाजींकडे वळले. "मशीन तयार आहे ना?"

"तयार आहे," दाजी म्हणाले. "पण साहेब, आधी एक चर मारून बघू द्या. जमीन कशी लागते ते कळलं तर डिझेलचा अंदाज नीट देतो. नाहीतर मागाहून तुम्ही म्हणाल, आधी का नाही सांगितलं."

साहेबांनी मान डोलावली.

समोर मोकळी जागा होती. ती सोडून दाजींनी मशीन वळणावरून वर नेलं, जिथे आमचं एकही रोप नाही, नुसती झुडपं आहेत. दोन झुडपांच्या मधे बकेट टेकवली. एरवी बकेट दाणकन आपटतात, मी कितीदा पाहिलं आहे. आज लोण्यातून सुरी फिरवावी तशी माती काढत होते. सहा-सात पावलांचा चर झाल्यावर थांबले, खाली उतरले आणि म्हणाले, "अडकलं, साहेब. काय आहे ते बघा जरा."

चराच्या भिंतीत काळपट बुंधा होता, मांडीएवढा जाड, फार पूर्वी कुऱ्हाडीने तोडलेला. त्याची मुळं झुडपाच्या मुळांखालून पार आत गेली होती. आणि बुंध्याच्या काठावर कोंबांचे तांबूस डोळे, मुगाएवढे, मातीच्या आतच. मॅडम चपला काढून चरात उतरल्या. मीही उतरलो. त्या एका चरात चार बुंधे निघाले. चारही जिवंत. नखाने खरवडून पाहिले, या वेळी अगदी खाली.

साहेब वरून वाकून म्हणाले, "हे कुणी लावलंय?"

"कुणीच नाही," मॅडम म्हणाल्या. "हे जुनं जंगल आहे. वर येतं, तोडलं जातं, चरलं जातं, परत खाली जातं. झुडपांच्या आत राहिलं म्हणून वाचलं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. दाजींना विचारलं, "असं पुष्कळ लागतं का खोदताना?"

दाजी म्हणाले, "झुडपं असतील तिथे लागतंच. लई त्रास देतात, साहेब. दात मोडतात मशीनचे."

साहेबांनी चराच्या काठावरची माती पायाने चाचपली. मग म्हणाले की या वर्षी झुडपांना हात लावायचा नाही. आधी टेकडीत खाली काय काय आहे ते मोजा, मग किती नवी लावायची आणि किती पाणी लागेल ते ठरवू. चर बुजवून टाका, बुंध्यांना इजा न करता. दाजींनी तो बुजवला, तोही तसाच हळू.

मॅडम मला म्हणाल्या, "मोजणी तुम्ही करायची. हातात फक्त पेन्सिल ठेवायची."

काम राहिलं. पण दाजींचं गेलं, आणि तेही त्यांच्याच चरामुळे. त्यांनी मोकळ्या जागेत चर मारला असता तर काहीच निघालं नसतं. मला फार वाईट वाटलं. परत येताना मशीनच्या पायरीवर उभा राहून त्यांना तसं म्हणालो. म्हणालो, "दाजी, जागा जरा चुकलीच तुमची."

ते म्हणाले, "चुकते कधी कधी."

घरी ताईला सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि मधेच पदर तोंडाला लावून आत गेली. रडत असेल म्हणून मी मागे गेलो, तर हसत होती. दाजी आता पुन्हा लांबच्या कामावर जाणार, आठवड्यातून दोनदाच दिसणार, यात हसण्यासारखं काय ते तिचं तिला माहीत. तिने दाजींना चहा दिला, त्यांनी तो मला दिला.

२४ मे, शनिवार.

दाजी पहाटे मशीन घेऊन गेले. मी सकाळी सात ते दुपारी एकपर्यंत सगळ्या खुंट्या परत पाहिल्या. दुसऱ्या शंभरात आणखी दोन कोंब. मॅडमनी हिशेब मागितला आहे, तो रजिस्टरमध्ये लिहिला, आणि इथेही.

खर्च: पाणी, चौदा पाळ्या, ३,५७६ लिटर. (डबा सांडला ते सोडून.)

जिवंत: पहिलं शंभर ५४, दुसरं ५७, तिसरं २२, चौथं ३. एकूण १३६.

माझ्या आधी गेलेली: १०७.

मूळ जमिनीत आहे, वर काही दिसत नाही: ६८. वाट पाहायची.

देणे: ८९. ही मी मुळासकट काढली. यातली किती खरंच मेलेली होती ते आता कळायला मार्ग नाही, म्हणून सगळीच धरली आहेत.

एकूण ४००. दोनदा बेरीज केली. जुळते.